आंबेनळी, सावित्री, वाशिष्ठी : भर पावसातली वाट आणि वाटेवरची माणसं

श्रावणात गाडी घेऊन कोकणात उतरू नये, असं आमच्या घरात सगळ्यांचं मत होतं. जायचंच म्हणणारी एकटी मावशी. तिला परशुरामाचं दर्शन हवं होतं, तेही "धुकं असताना". सत्त्याहत्तराव्या वर्षी माणूस असं काही मागतो तेव्हा वाद घालण्यात अर्थ नसतो. मी, नवरा आणि मावशी असे निघालो. पुण्याहून वाईमार्गे महाबळेश्वर, आंबेनळी घाटाने पोलादपूर, एक मुक्काम महाडला, मग चिपळूण आणि कुंभार्ली घाटाने परत.

शुक्रवार : महाबळेश्वर

पसरणी घाट चढेपर्यंत ऊन होतं. पाचगणी सोडली आणि काचेवर वायपर लागले ते घरी येईपर्यंत. श्रावणातलं महाबळेश्वर मला मेमधल्यापेक्षा कितीतरी बरं वाटतं. पॉइंटवर गेलं तर समोर पांढरा पडदा, त्यामुळे कोणी जात नाही. बाजारात दुकानांना ताडपत्र्या आणि झापा लावलेल्या, त्याच्या आत शेगडीवर कणसं.

क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगा मंदिरात गेलो. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री. मावशीने गोमुखाखाली हात धरले आणि विचारलं, "यातलं कुठलं पाणी आपल्या वाटेने जाणार?" नवऱ्याने मोबाइलवर नकाशा काढला. सावित्री पश्चिमेला उतरते, पोलादपूर-महाडवरून खाडीला मिळते. कोयना दक्षिणेला जाऊन धरणात अडते, पण त्या धरणातलं पुष्कळ पाणी बोगद्यातून पोफळीच्या वीजघरात, तिथून कोळकेवाडीला आणि शेवटी चिपळूणच्या वाशिष्ठीत सोडलं जातं. म्हणजे इथे पडणारा पाऊस आमच्या दोन्ही मुक्कामांना आमच्याआधी पोचणार होता. हे कळल्यावर नवरा जरा गप्प झाला. मावशी खूश.

संध्याकाळी ज्या दुकानात चणे घेतले, तिथे काउंटरमागे खुंटीला दोराचं वेटोळं, हेल्मेट आणि हार्नेस टांगलेलं. दुकानदार इथल्या बचाव पथकात आहेत. या भागात महाबळेश्वर ट्रेकर्स, सह्याद्री ट्रेकर्स अशी पथकं आहेत. सगळी कामधंदा करणारी माणसं, टॅक्सीवाले, हॉटेलात काम करणारे, दुकानदार. दरीत कोणी पडलं की पोलिसांचा फोन येतो आणि शटर खाली.

२८ जुलै २०१८ ला दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस आंबेनळी घाटात दरीत कोसळली, तीस माणसं गेली. तेव्हा या पथकांनी दोराने उतरून मृतदेह वर आणले. त्याबद्दल दुकानदार फारसं बोलले नाहीत, आणि आम्हीही विचारलं नाही. पण पथक जागेवर पोचल्यावर पहिल्यांदा काय करतं, हे विचारल्यावर खुलले.

"पहिल्यांदा कोणाला उतरू देत नाही," ते म्हणाले. "वर नातेवाईक असतात, गावची पोरं असतात. सगळ्यांना खाली जायचं असतं. एकजण जरी घसरला तरी त्याच्या पायाखालचा दगड खाली जखमी असेल त्याच्या डोक्यात. म्हणून आमच्यातला एक माणूस फक्त कडेवर उभा. त्याचं तोंड दरीकडे नाही, गर्दीकडे."

"आणि बाकीचे?"

"झाड बघतात. दोर कशाला बांधायचा यावरून आमची रोज भांडणं. लोक ओरडतात, अरे तिकडे माणूस मरतोय आणि हे गाठी तपासत बसलेत. ओरडू दे की. एकाने बांधली, दुसऱ्याने बघितली, मग तिसरा उतरला."

एवढं सांगून त्यांनी गिऱ्हाइकाला पाव किलो फुटाणे मोजून दिले.

*जाणाऱ्यांसाठी :* आंबेनळी घाट पावसाळ्यात दरडींमुळे वारंवार बंद होतो. निघण्याआधी हॉटेलवाल्यांना नाही, पोलीस चौकीत किंवा एसटी स्टँडवर विचारा. पोलादपूरची गाडी सुटली असेल तर घाट चालू आहे, इतका सोपा हिशेब. अंतर साधारण चाळीस किलोमीटर, पण धुक्यात दोन तास धरा, आणि अंधार पडल्यावर मुळीच जाऊ नका.

शनिवार : आंबेनळी

एसटी सुटली होती, म्हणून आम्हीही सुटलो. वाडा कुंभरोशीला, प्रतापगडाच्या फाट्यावर, एका टपरीत झुणका-भाकरी खाल्ली. भाकरी नाचणीची, सोबत मिरचीचा ठेचा आणि तव्यावरून थेट ताटात आलेली कांदाभजी. तेवढ्या वेळात एसटी आमच्यापुढे गेली. पुढे घाटात तिच्यामागे लागलो ते लागलोच. ओव्हरटेक करायचा प्रश्नच नव्हता, दहा फुटांपलीकडे फक्त तिचे लाल दिवे दिसत होते.

एका वळणानंतर ते दिवे थांबले. आम्हीही थांबलो. काच खाली केली तर मातीचा ओला वास आणि कोणीतरी ओरडत होतं. डोंगराच्या बाजूने माती, दोन-तीन मोठे धोंडे आणि एक अख्खं झाड रस्त्यावर आलं होतं, आणि झाडाच्या फांदीखाली एक मोटारसायकल. चालवणारा बाजूला उभा राहून ओरडत होता, मागे बसलेल्या पोराचा पाय अडकलेला.

बसमधून माणसं भराभर उतरून तिकडे धावली. कंडक्टर बाई उतरल्या आणि उलट्या दिशेने, आमच्याकडे, चालत आल्या. चाळिशीच्या, खांद्याला कातडी बॅग, गळ्यात तिकिटाचं मशीन. मला वाटलं घाबरल्या. खिडकीशी आल्या आणि मावशीला म्हणाल्या, "आजी, तुमची छत्री द्या. लाल आहे ना?"

मावशीने मुकाट्याने दिली. बाईंनी ती बसमधल्या एका कॉलेजच्या पोराच्या हातात दिली आणि त्याला आमच्यामागच्या वळणाच्या पलीकडे पाठवलं. "गाडी दिसली की उघडमीट करायची. मी बोलवेपर्यंत तिथून हलायचं नाही. डोंगराच्या बाजूला उभं राहू नकोस, कठड्याकडे राहा आणि वर लक्ष ठेव." आमच्यामागून एखादा टेंपो धुक्यातून येऊन आमच्यावर, आणि आम्ही बसवर, हे माझ्या डोक्यात तोवर आलंही नव्हतं. मग नवऱ्याला म्हणाल्या, "दादा, इंडिकेटर लावा सगळे, आणि आजींना बाहेर काढून त्या कठड्यापाशी उभं करा. वर अजून माती आहे."

मग त्या पुढे गेल्या. तोवर ड्रायव्हरने बसच्या चाकांना दगड लावले होते. फांदीशी पाच-सहा जण जमून पोराला खांद्याला धरून ओढायच्या बेतात होते. बाईंनी तिथे आवाज चढवला, पूर्ण वेळात तेवढा एकदाच. "ओढायचं नाही! फांदी उचलायची, पोरगा नाही." ड्रायव्हरने दोर आणला, माणसं दोन बाजूंना लागली, फांदी वीतभर उचलली गेली आणि पोराला सरळ मागे घेतलं. पाय गुडघ्याखाली वाकडा दिसत होता. कोणीतरी म्हणालं, चोळून सरळ करू. बाई म्हणाल्या, "आहे तसाच." बसच्या फळीचा तुकडा, एकाचा पंचा, मावशीची शाल. बांधलं.

फोनला रेंज कोणाच्याच नव्हती. वळणापाशी येऊन थांबलेल्या एका दुचाकीवाल्याला बाईंनी परत कुंभरोशीला पिटाळलं, १०८ ला फोन करायला. तो निघाला तर त्याला थांबवलं. "काय सांगणार ते मला म्हणून दाखव."

तो म्हणाला, अॅक्सिडेंट झालाय, लवकर या.

"कुठे?"

तो गप्प. मग त्यांनी त्याला जागा सांगितली, पोराचं वय, पाय मोडलाय, शुद्धीत आहे, रस्ता बंद आहे त्यामुळे गाडी महाबळेश्वरकडूनच यायला हवी. त्याने ते सगळं दोनदा म्हणून दाखवलं, शाळेत म्हणतात तसं. मगच सोडला.

अँब्युलन्स यायला तास लागला असेल. त्या तासात बाईंनी प्रवासी दोनदा मोजले. एक म्हातारे काका कमी भरले, ते झाडीत लघवीला गेले होते. त्यांना ज्या शब्दांत झापलं, ते इथे लिहीत नाही.

जेसीबी आल्यावर रस्ता मोकळा झाला. पोलादपूरच्या स्टँडवर आम्ही चहाला थांबलो तेव्हा त्या बाकावर बसून पैसे मोजत होत्या. मला आभार मानायचे होते, थोडं कौतुकही करायचं होतं. मी तोंड उघडलं तर म्हणाल्या, "थांबा हो ताई, बारा रुपये जमत नाहीयेत." पुन्हा मोजले. तरी जमेनात. घाटातल्या सबंध प्रकारात त्यांच्या चेहऱ्यावर जी काळजी मी शोधत होते, ती मला त्या बारा रुपयांवर दिसली. मावशीने बारा रुपये काढून पुढे केले तर रागावल्या. "असं चालत नाही, आजी."

शनिवार संध्याकाळ : सावित्री आणि महाड

पोलादपूरहून महाडकडे येताना सावित्रीवरचा नवा पूल लागतो. रुंद, सरळ, गाडी वेग न कमी करता निघून जाते. आम्ही पलीकडे जाऊन थांबलो. आदल्या दिवशी मावशीने ज्या नदीचं पाणी ओंजळीत घेतलं होतं, ती खाली गढूळ, लाल, दोन्ही काठांना भिडून चाललेली.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इथला ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात गेला. अंधार, धो धो पाऊस. दोन एसटी बस आणि इतर वाहनं नदीत गेली, चाळीसच्या आसपास माणसं. पूल नाही हे रस्त्यावरून दिसतच नव्हतं. पुलाजवळच्या गॅरेजात काम करणाऱ्या एका माणसाला ते कळलं, आणि त्याने रस्त्यावर येऊन पुढची वाहनं अडवली, पोलिसांना कळवलं. तेव्हाच्या बातम्यांत हे आलं होतं, पण मी ते विसरून गेले होते. घाटात त्या पोराला लाल छत्री घेऊन धावताना पाहिलं नसतं, तर आठवलंही नसतं.

काठावर उभं राहिल्यावर जाणवतं की साहजिकपणे माणूस कुठे धावेल. नदीकडे. जिथे गाडी दिसेनाशी झाली तिकडे. त्या माणसाने नदीकडे पाठ केली. पूर आलेल्या सावित्रीतल्या लोकांसाठी त्याला काही करता आलं नसतं; मुंबईकडे किंवा गोव्याकडे निघालेल्या, त्याला कधीच न भेटणाऱ्या लोकांसाठी करता आलं. किती वाचले याचा आकडा कुठे मिळणार? घरी पोचलेल्यांची यादी कोणी करत नाही.

नवा पूल १६५ दिवसांत बांधून जून २०१७ मध्ये सुरू झाला. महाडला चवदार तळ्यावर गेलो. पायऱ्यांवर शाळेच्या मुलींची सहल, सगळ्या रेनकोटात. मुक्कामाच्या खानावळीत अळूचं फदफदं आणि उकड्या तांदळाचा भात. मावशीने दोनदा वाढून घेतलं.

रविवार : चिपळूण

कशेडीचा घाट आता बोगद्यामुळे टळतो. परशुरामाला पोचलो तेव्हा मावशीला हवं होतं तेवढं धुकं होतं, किंबहुना जास्तच. मंदिराचं शिखरही दिसत नव्हतं. तिने मनसोक्त दर्शन घेतलं, आम्ही निसरड्या फरसबंदीवर तिचे हात धरून उभे.

चिपळुणात गाडी लावून बाजारात हिंडलो. २२ जुलै २०२१ चा पूर इथे अजून भिंतींवर आहे. एका कापडाच्या दुकानात मालकांनी छताजवळ, पंख्याच्या दांडीच्या पातळीला, रंगवताना मुद्दाम सोडलेली पट्टी दाखवली. मध्यरात्रीनंतर पाणी चढत गेलं, त्यात भरती, त्यात वरचा पाऊस. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, १८६४ सालचं ग्रंथालय, तेही २००५ च्या पुरानंतर पुन्हा बुडालं.

मालकांच्या आई वरच्या मजल्यावर राहतात. त्यांनी आम्हाला बळेच वर नेऊन घावणे आणि नारळाचा रस दिला. त्या रात्री पाणी पहिल्या पायरीला लागल्यावर त्यांनी काय केलं? "खाली जाऊन मीटरचा मेन स्विच पाडला. मग सुनेला म्हटलं, नळाला अजून पाणी आहे तोवर हंडे, कळश्या, बादल्या, कुकर, सगळं भरून घे."

सगळीकडून पूर येतोय आणि ही बाई पाणी भरतेय! नवऱ्याला हसू आलं. काकूही हसल्या. "मुलगाही ओरडत होता, आई, खाली माल चाललाय आणि तू कुकर काय भरतेस. पण पुराचं पाणी प्यायचं का? २००५ ला आम्ही तेच विसरलो होतो." त्यांच्या इमारतीतल्या सगळ्या बिऱ्हाडांनी ते पाणी पुरवून वापरलं. मालाचं नुकसान झालं ते झालंच, ते त्यांनी लपवलं नाही.

एसटी आगाराची गोष्ट चिपळुणात कोणीही सांगतं. त्या सकाळी आगारात पाणी शिरलं तेव्हा आगार व्यवस्थापक रणजित राजेशिर्के यांनी तिकीट विक्रीचे सुमारे नऊ लाख रुपये कार्यालयातून बाहेर काढले, आणि बुडत चाललेल्या एका बसच्या टपावर सहकाऱ्यांसोबत सुमारे नऊ तास ती रक्कम धरून बसले. भोवती गाड्यांची छपरं, वरून पाऊस. बातमी वाचली तेव्हा मला हे जरा वेडेपणाचं वाटलं होतं. जीव महत्त्वाचा की महामंडळाची रोकड? आता पोलादपूरच्या बाकावरचे बारा रुपये बघून आल्यावर तसं वाटेना. नऊ तास टपावर बसायचं तर हातात काहीतरी सांभाळायला असलेलं बरं, असंही असेल. जीव वाचवायला टपावर चढलेला माणूस फक्त पाणी किती चढलं एवढंच बघत राहील. ज्याच्याकडे हिशेब आहे, त्याला पाण्याखेरीज आणखी एक काम असतं.

*जाणाऱ्यांसाठी :* चिपळुणात जोराचा पाऊस असेल तर भरतीची वेळ बघूनच बाजारपेठेच्या सखल भागात गाडी लावा. स्थानिकांना ती तोंडपाठ असते. श्रावणात घरगुती खानावळीत भारंगीची भाजी मिळाली तर सोडू नका. कडू लागते, दुसऱ्या घासाला आवडते.

रविवार रात्र : कामथ्याच्या बाजूला

मुक्काम शहराबाहेर, कोकण रेल्वेच्या रुळापासून हाकेच्या अंतरावर एका घरात होता. जेवण झाल्यावर मालकांचे धाकटे भाऊ आले, ते रेल्वेत ट्रॅकमन. रात्रपाळीला निघायच्या आधी पेज प्यायला टेकले होते. पावसाळ्यात गस्त असते. दिवा, झेंड्या, शिट्टी, वॉकीटॉकी, वही आणि डब्यात फटाके. फटाके म्हणजे रुळावर बांधायचे, इंजिनाचं चाक वरून गेलं की मोठा बार होणारे, ड्रायव्हरला थांबवण्यासाठी.

मावशीने त्यांना सोडलं नाही. समजा दरड दिसली, मग?

"दरडीपाशी थांबायचं नाही," ते म्हणाले. "गाडी ज्या बाजूने आधी येणार, त्या बाजूला सुटायचं. लाल दिवा दाखवत. सहाशे मीटरवर एक फटाका, बाराशे मीटरवर तीन, दहा-दहा मीटरचं अंतर ठेवून. वॉकीटॉकी नाही लागला तर रुळाच्या कडेला साधारण दर किलोमीटरवर फोनची जोडणी असते, तिथून स्टेशन मास्तरला सांगायचं. गाडी एकदम थांबत नाही हो, काकू. आपण दरड बघत बसलो तर गाडी दरड बघायलाच येणार."

२००३ ला वैभववाडीजवळ आणि २००४ ला करंजाडीजवळ, दोन्ही जूनमध्ये, रुळावर आलेल्या दगडांमुळे या मार्गावर मोठे अपघात झाले. त्यानंतर डोंगरांना जाळ्या बसल्या, मुसळधार पावसात दिसेनासं झालं की वेग ताशी ४० किलोमीटरवर आणायचा नियम आला. वाशिष्ठीच्या पुलावर पाण्याची पातळी सांगणारी यंत्रणाही आहे. २०२१ च्या पुरात याच पुलापाशी पाणी धोक्याच्या वर गेलं आणि गाड्या जिथल्या तिथे स्टेशनांत थांबवून ठेवल्या होत्या.

नवऱ्याला यावरून सीएसएमटीचे तेव्हाचे उद्घोषक विष्णू झेंडे आठवले. २६ नोव्हेंबर २००८ ला गोळीबार चालू असताना ते आपल्या खोलीतून माइकवर सांगत राहिले की मेन लाइनच्या बाजूला जाऊ नका, मागच्या बाजूने बाहेर पडा. नवरा तेव्हा मुंबईत नोकरीला होता. त्या रात्री तो स्टेशनवर नव्हता, पण त्या आवाजात लोकलच्या वेळा त्याने कितीतरी वर्षं ऐकल्या असतील.

"तुम्ही कितीदा लावलेत फटाके?" मावशीने ट्रॅकमनना विचारलं.

"एकदाही नाही. सरावाला लावतो तेवढेच. मुदत संपली की जमा करायचे, नवे घ्यायचे." आणि भीती? बिबट्याची वाटते का? "बिबट्या आपल्या वाटेने जातो. सापाची वाटते. दिवा आधी पायाशी, मग रुळावर."

साडेनऊला ते उठले. वहिनींनी डब्यात दोन मोदक घातले, त्यांनी एकच ठेवला.

सोमवार : कुंभार्लीने घरी

कुंभार्ली घाट शांत होता. कोयनानगरला ऊन भेटलं, कऱ्हाडला मिसळ. पाटणच्या पुढे एका पेट्रोल पंपावर फोन आला. घाटात मी त्या जखमी पोराच्या मित्राला नंबर दिला होता. पोराच्या पायाचं ऑपरेशन झालं होतं, शाल कुठे पाठवू असं विचारत होता. मावशी म्हणाली, ठेव म्हणावं.

छत्रीचा मात्र तिने पिच्छा सोडला नाही. ती त्या कॉलेजच्या पोराकडेच राहिली, तो बसमधून पोलादपूरच्या पुढे निघून गेला. पुण्यात आल्यावर गाडीच्या डिकीसाठी यादी केली : चांगला दोर, टॉर्च, लाल कापड, दोन लांब पट्ट्या, पंचा, पाच लिटर पाणी, आणि रेंज नसेल तेव्हासाठी छापील नकाशा. मावशीने यादी वाचली, लाल कापडावर काट मारली आणि तिथे लिहिलं, "छत्री. लाल. मोठी. पैसे जावई देतील."